कामाचा रिट्रीव्हर निवडताना...
पिंपरी, प्रतिनिधी

चिंचवड, वाकड किंवा मोशीच्या एखाद्या गृहसंकुलात रविवारी सकाळी फेरफटका मारला, तर साखळीला हिसके देत मालकाला ओढत नेणारा एखादा तरी धष्टपुष्ट लॅब्रॅडॉर हमखास दृष्टीस पडतो. पिलू असताना तो कसा निवडला, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते. 'सगळ्या पिलांमध्ये तोच सर्वांत गुबगुबीत होता आणि तोच पळत माझ्याकडे आला.' घरात लाडाने वाढवायच्या कुत्र्यासाठी एवढी पारखही काही वेळा चालून जाते. मात्र मोकळ्या रानात, ढिगाऱ्यावर किंवा पाण्यात ज्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे, असा रिट्रीव्हर हवा असेल तर ही पद्धत हमखास फसवते. कारण अशा कुत्र्याची निवड पिलाच्या पेटीपाशी सुरू होत नाही. ती त्याच्या आईवडिलांपाशी सुरू होते.

रिट्रीव्हर या शब्दाचा अर्थच मुळी 'परत आणून देणारा'. बंदुकीने टिपलेले पाखरू झुडपात किंवा पाण्यात पडले की ते नेमके शोधायचे, दात न लावता अलगद तोंडात धरायचे आणि मालकाच्या हातात आणून द्यायचे, एवढ्यासाठी ही कुत्री ब्रिटनमध्ये पिढ्यान्पिढ्या घडवण्यात आली. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांबरोबर राहत आणि थंडगार पाण्यात उडी घेऊन जाळी व निसटलेले मासे ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात ती कुत्री इंग्लंड-स्कॉटलंडमधील जमीनदारांकडे पोचली आणि १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरची मुळे स्कॉटलंडमधील लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या जहागिरीत सापडतात. त्यांनी १८६८ मध्ये पिवळसर रंगाचा एक रिट्रीव्हर नर आणि पाण्यात काम करणारी एक स्पॅनियल मादी यांची जोडी लावली, त्याच्या हस्तलिखित नोंदी आजही उपलब्ध आहेत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एखादा माणूस कुत्र्यांच्या जोड्यांची वही ठेवतो आणि आपल्याकडे आज पिलाच्या बापाचे नाव विचारले तर विक्रेता फोनमधील छायाचित्र पुढे करतो, हा फरक बोलका आहे.

शिकार बंद, काम सुरू

परदेशी पुस्तके वाचून रिट्रीव्हरच्या शोधात निघालेल्यांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. भारतात वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरली आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची वाटही बंद केली. या कायद्यातील शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती मर्यादित नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हुसकावून काढणे हेही तिच्यात येते. चाकण-खेडच्या माळावर सुटीच्या दिवशी कुत्रा मोकळा सोडून सशामागे पळवणे ही गंमत नव्हे, हे अनेकांच्या गावीही नसते.

मग रिट्रीव्हरला आपल्याकडे काम कोणते? उत्तरासाठी लांब जायची गरज नाही. चाकणपासून जवळच, तळेगावच्या दिशेला सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या तुकडीचे मुख्यालय आहे. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा बचावासाठी याच तुकडीचे जवान धावले होते. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा वास हुंगून जागा दाखवणारे कुत्रे हे या दलाचे मोलाचे साधन आहे आणि त्यात लॅब्रॅडॉर मोठ्या संख्येने आढळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील भूकंपानंतर जुली आणि रोमिओ या दलाच्या दोन कुत्र्यांनी ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीची जागा दाखवली होती. आधी जुली भुंकली. खात्री करण्यासाठी रोमिओला सोडण्यात आले, तोही त्याच जागी थांबला.

पुण्याचा या क्षेत्राशी संबंध आणखी जुना आहे. शिवाजीनगर येथील राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला 'जंजीर' हा लॅब्रॅडॉर १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात होता. त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स आणि शेकडो हातबॉम्ब व डिटोनेटर शोधून दिल्याचे नोंदले गेले आहे. २००० मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा पोलीस दलाने त्याला सन्मानाने निरोप दिला.

पाखरू शोधणारे नाक आणि स्फोटक शोधणारे नाक एकच असते. बदलते ते केवळ बक्षीस. हस्तकाच्या हातातील चेंडूसाठी हा कुत्रा न कंटाळता तासभर हुंगत राहतो. ती चिकाटी शिकवून येत नाही, तिला फक्त वळण देता येते. म्हणूनच वंश महत्त्वाचा.

येथे आपल्या मातीतील कुत्र्यांविषयीही दोन शब्द. मराठवाड्यातील करवानी आणि आता कर्नाटकात असलेल्या मुधोळच्या संस्थानाने नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड हीदेखील मूळची शिकारीचीच कुत्री. परंतु ती डोळ्यांनी हेरून वेगाने पाठलाग करणारी आहेत. 'आणून दे' हा रिट्रीव्हरचा स्वभाव त्यांच्याकडून अपेक्षिणे चुकीचे. उलट उन्हाचा ताप ती कितीतरी सहजतेने सोसतात. त्यामुळे शेतावर राखण आणि धावायला सोबती एवढेच हवे असेल, तर रिट्रीव्हरचा हट्ट का धरावा, असा प्रश्न स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही.

प्रदर्शनाचा कुत्रा आणि रानातला कुत्रा

ब्रिटन-अमेरिकेत लॅब्रॅडॉर आणि गोल्डन या दोन्ही जातींच्या जणू दोन शाखा झाल्या आहेत. एक प्रदर्शनासाठी जोपासलेली, तर दुसरी कामासाठी. पहिल्या शाखेतील कुत्रा रुंद छातीचा, जड डोक्याचा आणि स्वभावाने संथ असतो. दुसऱ्या शाखेतील कुत्रा हलका, लांब पायांचा, सडपातळ आणि सतत काहीतरी करायला मागणारा असतो. आपल्याकडे बाजारात येणारी बहुतांश पिले पहिल्या शाखेतील आहेत आणि त्यातही 'हेवी बोन' या शब्दाची मोठी चलती आहे. जितका जड तितका अस्सल, असा समज विक्रेत्यांनी पसरवला आणि ग्राहकांनी तो आनंदाने स्वीकारला.

वास्तविक अमेरिकी मानकानुसार प्रौढ लॅब्रॅडॉर नराचे वजन साधारण २९ ते ३६ किलो आणि मादीचे २५ ते ३२ किलो असावे. ४५ किलोचा बाप दाखवून पिलाची किंमत वाढवली जात असेल, तर ती जमेची नव्हे, सावध होण्याची बाब आहे. अशा कुत्र्याचे खुबे आणि कोपर ढिगाऱ्यावरची किंवा नांगरटीवरची धावपळ फार वर्षे सोसत नाहीत.

रंगाचेही तसेच. काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे लॅब्रॅडॉरचे तीन मान्य रंग. कामाचा आणि रंगाचा संबंध नाही. मात्र दुर्मीळ रंगासाठी जवळच्या नात्यातील जोड्या लावल्या जातात आणि त्याची किंमत पिले मोजतात. ब्रिटनमधील लॅब्रॅडॉरांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चॉकलेटी कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १०.७ वर्षे, तर इतर रंगांच्या कुत्र्यांचे १२.१ वर्षे आढळले होते.

आधी आई पाहावी

कामाचा कुत्रा घेणाऱ्याने पैदासकाराकडे गेल्यावर पिलांआधी मादी पाहण्याचा आग्रह धरावा. ती पिलांसोबत, त्याच घरात असायला हवी. 'आई गावाला आहे', 'आई आजारी आहे' अशी कारणे ऐकू आली, तर तेथून परतणे शहाणपणाचे. अनेकदा ही पिले दुसऱ्याच राज्यातून टेम्पो-रेल्वेने आलेली असतात आणि आठवडाभरात पार्व्होने दगावतात. मादी अनोळखी माणसाला कशी सामोरी जाते, हे नीट पाहावे. भित्री किंवा अंगावर येणारी आई पिलांना केवळ रक्तातूनच नव्हे, तर पहिल्या आठवड्यांतील सहवासातूनही तोच धडा देते. शक्य असल्यास तिच्यासमोर एक चेंडू गवतात फेकून पाहावा. तिने तो शोधला, आणला आणि हातात दिला, तर दहा प्रमाणपत्रांपेक्षा ती खूण मोलाची.

त्यानंतर आरोग्याचे दाखले. लॅब्रॅडॉर-गोल्डनमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष हा सर्वांत परिचित विकार. नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. नर आणि मादी या दोघांच्या खुब्यांचे व कोपरांचे एक्स-रे, तेही वाढ पूर्ण झाल्यानंतरचे, मागावेत. अमेरिकेत यासाठी किमान दोन वर्षे वयाची अट आहे. डोळ्यांच्या पडद्याचा हळूहळू आंधळेपणा आणणारा आनुवंशिक आजार आणि जोरदार धावल्यावर मागचे पाय लुळे पाडणारा आजार, या दोहोंसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. हे दोष आई आणि बाप दोघांकडून आले तरच पिलात प्रकटतात. त्यामुळे एक पालक वाहक असला तरी चालतो, पण मग दुसरा पूर्णपणे निर्दोष असल्याचा कागद हवाच. गंमत म्हणजे दुसरा आजार घरात लोळणाऱ्या कुत्र्यात वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. रानात दहा मिनिटे चेंडू आणायला लावले की तो उघडा पडतो.

हे सारे दाखले देणारे पैदासकार आपल्याकडे मोजकेच आहेत, हे मान्य करायला हवे. पण ग्राहक विचारतच नाहीत, हेही तितकेच खरे. निदान एक्स-रेचा प्रश्न विचारला, तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ काही कळते.

कागद काय सांगतो?

चेन्नईत मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे पिलाची वंशावळ. त्यात काही पिढ्यांची नावे असतात. ती वाचायला शिकावे. एकच नाव आईच्या आणि बापाच्या बाजूला वारंवार दिसले, तर जोडी जवळच्या नात्यातील आहे. मात्र हे प्रमाणपत्र कुळ सांगते, प्रकृती किंवा कर्तृत्व सांगत नाही. 'पेपरवाला कुत्रा' म्हणजे निरोगी कुत्रा, असा सरसकट अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. प्रमाणपत्रावरील क्रमांक पिलाच्या त्वचेखालील मायक्रोचिपशी जुळतो का, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

कायदाही ग्राहकाच्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. विकले जाणारे पिलू लस दिलेले आणि मायक्रोचिप बसवलेले असावे लागते. मादीचे वय दीड वर्षापेक्षा कमी किंवा आठ वर्षांपेक्षा जास्त नसावे, बारा महिन्यांत एकच वेत आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेते नकोत, असेही हे नियम सांगतात. तीस-पस्तीस दिवसांचे पिलू 'लवकर लळा लागतो' म्हणून हाती दिले जाते, तेव्हा नियम तर मोडतोच, शिवाय भावंडांशी खेळताना चावण्याचा जोर आवरायला शिकण्याचे नेमके दिवस त्या पिलाकडून हिरावले जातात. पुढे पाखरू असो वा चेंडू, अलगद धरणारा जबडा याच दिवसांत घडतो.

पिलाची परीक्षा

आता पिलू. सात-आठ आठवड्यांच्या वयात, पिले झोपेतून उठून ताजीतवानी असताना आणि पोट भरलेले नसताना जावे. प्रत्येक पिलाला भावंडांपासून दूर, नव्या जागी एकेकटे पाहावे. कागदाचा बोळा किंवा मऊ चेंडू समोरून घरंगळत न्यावा. पिलू मागे धावते का, तोंडात उचलते का आणि उचलून कुठे जाते? धावत येऊन हातात देणारे पिलू क्वचितच मिळते. पण उचलून आपल्या दिशेने दोन पावले टाकणारे पिलूही आशादायक. कोपऱ्यात पळून एकटेच कुरतडत बसणाऱ्या पिलाशी पुढे बराच झगडा करावा लागतो. मग तोच चेंडू त्याच्या डोळ्यांदेखत गवतात टाकावा आणि घड्याळ पाहावे. काही पिले पाच सेकंदांत विसरून जातात, तर एखादे नाक जमिनीला लावून मिनिटभर शोधत राहते. शोधकामासाठी हेच पिलू हवे.

पाठीमागे स्टीलचे ताट पाडून पाहावे. दचकणे स्वाभाविक आहे. दचकल्यानंतर पिलू किती वेळात सावरते आणि त्या ताटाजवळ हुंगायला येते का, यावर लक्ष ठेवावे. पत्रा, जाळी, ओली फरशी अशा वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून चालवावे. ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या कुत्र्याला पायाखालचे हलणे चालले पाहिजे. या बाबतीत औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या पिलांना थोडा फायदाच होतो. ट्रकचे हॉर्न आणि प्रेसचे धडधडणे ती जन्मापासून ऐकत असतात.

एवढे करूनही ही परीक्षा पुढच्या आयुष्याची हमी देत नाही. आठव्या आठवड्यातील वागण्यावरून प्रौढ कुत्र्याविषयी बांधलेले अंदाज अनेकदा चुकतात, असे संशोधन सांगते. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिलाला मिळालेले अनुभव तितकेच निर्णायक ठरतात. ज्यांना खरोखर कामासाठीच कुत्रा हवा आहे आणि जोखीम नको, त्यांनी अनुभवी प्रशिक्षकाकडे सात-आठ महिन्यांपर्यंत वाढलेला कुत्रा पाहणे श्रेयस्कर. त्याचा एक्स-रे काढता येतो आणि त्याची चिकाटी प्रत्यक्ष दिसते. मात्र सहा महिन्यांवरील कुत्र्याच्या विक्रीला वरील नियमांत निर्बीजीकरणाची अट आहे, हे ध्यानात ठेवावे.

पहिले वर्ष

चांगले पिलू पहिल्या वर्षात बिघडवणे अगदी सोपे असते. लॅब्रॅडॉरची भूक हा त्यातील पहिला सापळा. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की सुमारे चारपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक भागल्याची जाणीव कमी करणारा जनुकीय बदल असतो. तो आशाळभूतपणे पाहतो म्हणून पोळी देत राहिले, तर देणे कधीच संपत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर चौदा वर्षे चाललेल्या प्रयोगात एक चतुर्थांश कमी अन्न मिळालेली कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांचा सांधेदुखीचा त्रासही उशिरा सुरू झाला. हाताने चाचपल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, ही साधी कसोटी.

नॉर्वेतील एका अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या पिलांमध्ये खुब्याचा दोष अधिक, तर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळे बागडणाऱ्यांमध्ये कमी आढळला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पिलाला कडेवर घ्यावे. शेजारी हसतील, हसू द्यावे.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण करावे, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर द्यावी. आपल्या हवामानात गोचीड हा वर्षभराचा शत्रू. गोचिडांमुळे होणारा ताप कामाच्या कुत्र्याचे रक्त आणि दम दोन्ही शोषतो. रानातून आल्यावर कान, बगला आणि बोटांमधील जागा रोज तपासावी. उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत उरकावा. डांबरावर हाताचा मागचा भाग काही सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पायही तेथे भाजतात.

पाण्याची ओढ रिट्रीव्हरच्या रक्तातच असते. पण पवना आणि इंद्रायणीच्या शहरी पात्रात त्याला सोडू नये. सांडपाणी आणि आळंदीला वारंवार दिसणारा फेस पाहिल्यावर याचे कारण सांगायला नको. मालकाच्या परवानगीने एखादे स्वच्छ शेततळे वापरावे, तेही चढून येण्यासाठी उतार असलेले. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या गुळगुळीत भिंतीवरून पोहणाऱ्या कुत्र्यालाही वर येता येत नाही आणि तो दमून बुडतो.

खेड, जुन्नर, आंबेगावच्या बाजूला शेतघर असणाऱ्यांनी पिलू रात्री बाहेर बांधून ठेवू नये. उसातील बिबट्याचे कुत्रे हे सोपे भक्ष्य आहे. मार्च २०२२ मध्ये तर चाकणच्या एका मोटार कारखान्यातच बिबट्या शिरला होता.

कोणी घेऊ नये?

कारखान्याच्या फाटकावर राखणीसाठी रिट्रीव्हर ठेवणाऱ्यांची निवड मुळातच चुकते. अनोळखी माणसाला शेपटी हलवून हातातली वस्तू आणून देणे हा ज्याचा पिढीजात धर्म, त्याने चोराला रोखावे ही अपेक्षा कशी पुरी होणार? शेवटी तो पत्र्याच्या शेडपाशी साखळीला बांधला जातो आणि उन्हात धापा टाकत आयुष्य काढतो.

कामाच्या वंशातील पिलू सदनिकेत नेण्याआधीही विचार हवा. दोघेही बारा तास घराबाहेर असतील, तर या कुत्र्याची ऊर्जा सोफ्यावर आणि दारावर निघते. वर्षभराने 'चांगल्या घरी द्यायचा आहे' अशी जाहिरात होते किंवा महामार्गाच्या सेवा रस्त्यावर गळ्यात पट्टा असलेला एक गोंधळलेला लॅब्रॅडॉर फिरताना दिसतो. अशा कुटुंबाने संथ स्वभावाच्या आईबापांचे पिलू शोधणे किंवा प्राणिमित्र संस्थांकडील सोडून दिलेला प्रौढ कुत्रा घेणे योग्य. दोन्ही परिस्थितींत महापालिकेचा श्वान परवाना घ्यावा लागतोच.

जो पैदासकार पैसे मोजण्याआधी आपल्यालाच घरी कोण असते, कुत्रा किती तास एकटा राहील, त्याला कुठे पळवणार, असे प्रश्न विचारतो आणि पुढच्या वेतापर्यंत सहा महिने थांबायला सांगतो, त्याच्याकडे नाव नोंदवून ठेवावे. तोवर शनिवार-रविवारी एखाद्या प्रशिक्षकाच्या मैदानावर जाऊन इतरांची कुत्री काम करताना पाहता येतात.